शिवल्यांच्या वाळूतलं पाकट

मी दिघीच्या खाडीतलं पाकट बोलतेय. जातीनं मासा, अंगानं सुपासारखी चपटी, मागे लांब शेपूट आणि त्यावर विषारी काटा. त्या काट्यानं माझी बदनामी फार केली. पण काट्याचा आणि माझ्या जेवणाचा काही संबंध नाही. कोणी अंगावर पाय दिला, तरच तो चालतो.

माझी जेवायची तऱ्हा वेगळी. डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली, त्यामुळे पुढ्यात काय वाढलंय ते मी जन्मात पाहिलेलं नाही. भरतीबरोबर काठाकडे यायचं आणि वाळूला अंग टेकायचं. आत शिवली किंवा चिंबोरी दडलेली असली, की तोंडाजवळच्या कातडीला ती बरोबर कळते. मग पंख फडफडवून, तोंडानं पाण्याच्या पिचकाऱ्या मारून वाळू उडवायची. खळगा पडला की शिवली दातांखाली कडकन फुटते. शिंपला थुंकायचा, मांस गिळायचं.

ओहोटी लागली की मी खोल पाण्यात जाते आणि त्याच वाळूवर शिवल्या काढायला भागुबाई येते. माझे खळगे तिला बरोबर ओळखू येतात. "पाकट जेवून गेलंय, हितंच बाजूला उकर," असं ती सुनेला, केसरला, सांगते. मला तिचा कधी राग आला नाही. वाळूत दोघींना पुरेल एवढं असतं.

यंदा माझ्या पोटात दोन पिल्लं होती. भूक आवरतच नव्हती. आज शिवल्यांची दाटी सापडली आणि मी खात राहिले. पाणी कधी उतरलं, कळलंच नाही. माझ्याच खळग्यात, वीतभर पाण्यात मी अडकले.

"केसर, थांब गो! पाय नको टाकू," भागुबाई ओरडली. "कोयता दे. आधी काटा उडवते."

घाव बसला आणि भीतीनं माझं पोट आवळलं. दोन्ही पिल्लं तिथेच बाहेर आली. बशीएवढी, पंख दुमडलेली.

केसरचा चेहरा उतरला. "आई, सोडायची काय हिला?"

"न्हाय. घरात खाणारी तोंडं हायेत. पिल्लं दे सोडून. त्यांनी अजून एक शिवलीपण खाल्ली न्हाय."

केसरनं त्यांना हलक्या हातानं उचललं आणि खाडीच्या पाण्यात सोडलं.

मी आता टोपलीत आहे. जीव जातोय, पण नजर पाण्यावरून हटत नाही. एक पिल्लू केव्हाच खोल पाण्यात गेलं. दुसरं काठाशीच थांबलंय. इवले पंख फडफडवून वाळू उडवतंय. कोणी शिकवलं नाही, तरी जेवायला बसलंय.

लेकरा, पाणी उतरतंय. भूक राहू दे, आधी निघ.