एकवीस घरांचं एकच पाणी

जळगाव जामोदच्या कॉलेजात मी चौदा वर्षं रसायनशास्त्र शिकवते आणि कडक बाई म्हणून माझं नाव आहे. ते मी मेहनतीने कमावलंय. समास सोडला नसेल तर मी अख्खं पान पुन्हा लिहायला लावते. मुलं मला टरकून असतात याचा, खोटं कशाला बोलू, मला अभिमानही होता. तो गेल्या मार्चमध्ये सफा नावाच्या मुलीने उतरवला, आणि त्याबद्दल मी तिची कायमची ऋणी आहे.

झालं असं की, गुणवत्ता समितीला दरवर्षी आमच्याकडून काहीतरी नवीन उपक्रम हवा असतो. पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात क्षार किती आहेत, हे काढायचं प्रॅक्टिकल आमच्याकडे असतंच. मी म्हटलं, या वेळी प्रत्येकाने आपापल्या घरचं पाणी आणायचं. तिसऱ्या वर्षाची बावीस मुलं, बावीस बाटल्या. मी फोटो काढले, अहवाल टाईप केला, वर 'विद्यार्थीकेंद्री अध्यापन' असं ठळक शीर्षक दिलं. समितीने कौतुक केलं आणि मी दोन दिवस हवेत होते.

मग जर्नलं तपासायला आली. या प्रॅक्टिकलमध्ये ब्युरेट या काचेच्या नळीतून फ्लास्कमधल्या, रंगद्रव्य टाकून लाल केलेल्या पाण्यात थेंब थेंब द्रावण सोडायचं. पाणी निळं झालं की किती मिलिलिटर लागलं ते लिहायचं. पाणी जितकं जड, तितका आकडा मोठा. एकवीस जणांचा आकडा होता ९.६. मी टिक करत गेले, सह्या ठोकत गेले. ९.६ आमच्या विभागाचा जुना ओळखीचा आकडा. कॉलेजच्या नळाचं पाणी वापरायचो तेव्हापासून तोच येतो, आणि मुलं तो मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतात हेही मला ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि ध्यानात नव्हतं.

बाविसावं जर्नल सफाचं. त्यात ३१.२. मी लाल पेनाने काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'चूक. पुन्हा लिहा.' 'पुन्हा करा' असं नाही लिहिलं. ते आठवलं की अजून कान गरम होतात.

गुरुवारी दुपारी सफा माझ्या टेबलासमोर उभी राहिली. नांदुऱ्याकडच्या एका खेड्यातून ती एसटीने येते. वर्गात कधी तोंड उघडत नाही. सोमवारी परीक्षा होती आणि सही नसलेलं जर्नल घेऊन परीक्षेला बसता येत नाही.

"मॅडम, मी तीन खेपा केलं. तितकंच येते."

"बाकी सगळ्यांचं बरोबर येतं, तुझंच कसं चुकतं? आकडा बदल, मी सही करते. विषय संपला."

ती हलली नाही. "ते आमच्या बोअरचं पाणी हाये मॅडम. त्याच्यात माह्या दादीची डाय शिजत नाही. मी ९.६ कसं लिहू?"

जड पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि मी स्वतः याच खारपाण पट्ट्यातली, खाऱ्या, जड पाण्यावरच वाढलेली. पण त्या क्षणी मला फक्त राग आला. "चल," म्हटलं, "तुझ्यासमोर करून दाखवते."

आमचे लॅब अटेंडंट दयारामभाऊ यांनी ब्युरेट भरून दिलं. सफाच्या बाटलीतलं पाणी घेतलं. मी नळीची चावी सोडली. चौदा वर्षांचा हात, नऊपर्यंत भरभर गेला, मग थेंब थेंब. ९.६ ला मी चावी बंद केली. "बघ. झालं निळं."

दयारामभाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. सफा हळूच म्हणाली, "मॅडम, अजून लालच हाये."

मी फ्लास्क पांढऱ्या कागदावर धरला. लाल होतं. जांभळ्याकडेसुद्धा झुकलं नव्हतं. पण मला निळं दिसलं होतं, शपथेवर सांगते, स्वच्छ निळं दिसलं होतं. मी स्टूल ओढून बसले आणि पुन्हा चावी सोडली. वीस गेले, तीस गेले. ३१.१ ला पाणी निळं झालं.

"दोनच थेंबांचा फरक हाये मॅडम," सफा म्हणाली. ती माझीच समजूत काढत होती.

तिच्या जर्नलमध्ये माझ्या लाल काटेखाली मी लिहिलं, 'काट माझी चूक. रीडिंग बरोबर आहे.' खाली सही केली. मग बाकीच्या एकवीस जर्नलांतल्या त्या पानावरच्या माझ्या सह्या मी एकेक करून खोडल्या.

शुक्रवारी मी सांगितलं, घरचं पाणी पुन्हा आणा आणि प्रॅक्टिकल पुन्हा करा. वर्गात हलकल्लोळ. वकार म्हणाला, "मॅडम, परीक्षा सोमवारी हाये. आता काऊन?"

"कारण मी न पाहता सही केली," मी म्हटलं. मास्तरीण असं बोलते हे त्यांना नवीन होतं, मलाही.

शनिवारी पुन्हा बाटल्या आल्या. कुणाचं १४, कुणाचं २७, एकाचं ३८. गावातला, नळाचं पाणी पिणारा मुजम्मिल, त्याचं खरोखर ९.६ आलं. त्यावर कुणी विश्वास ठेवेना, बिचाऱ्याने तीनदा केलं. अहवाल मी समितीकडून परत घेतला. अध्यक्षांनी तोंड वाकडं केलं, ते अजून सरळ झालेलं नाही.

सोमवारी बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले. वयस्कर गृहस्थ. सफाच्या जर्नलवर त्यांचं बोट थांबलं. "ही काय खाडाखोड?"

सफाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "सर, मॅडमनं माह्यासमोर बसून पुन्हा करून पाह्यलं, मंग सही केली."

सगळं खरं होतं. अर्धं तिने माझ्यासाठी झाकून ठेवलं होतं. इतकी वर्षं ज्या पोरांना मी धाकात ठेवलं, त्यांतली एक मला सांभाळून घेत होती. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"सर, आधी मी ९.६ ला निळं म्हटलं होतं," मी म्हणाले. "लाल असताना. हिने मला दाखवलं. आणि सफा, तुझे आभार मानायचे राहिलेत, ते मी आता सरांसमोर मानते."

सफा मान खाली घालून ओढणीचं टोक चाळवत राहिली. परीक्षकांनी ते पान जवळ ओढलं. मग त्यांनी चष्मा पुसला.

"आमच्याकडे सगळ्यांचं आठ पॉइंट चार येतं," ते म्हणाले. "सतरा वर्षं झाली." त्यांनी स्टूल ब्युरेटजवळ ओढलं. "कर बरं बेटा. मला पाहू दे."