गेटच्या आत राहिलेला एक फूट

मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही. खुंटीला अडकवून ठेवलं तरी माझी आतल्या आत चुळबुळ चालूच असते. मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवायची नव्हे, घरं मोजायची. रंग पिवळा, डबी नारिंगी, गुंडाळायला बाजूला एक मूठ. पूर्वी मी शंभर फूट लांब होते. आता नव्व्याण्णव आहे. त्या गेलेल्या एका फुटाची गोष्ट कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला कळायला लागलं ते कर्जतच्या बाजारात, मुनाफभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात. गिऱ्हाईक आलं की ते मला सरसर ओढून दाखवायचे आणि म्हणायचे, "ताणा किती पण, हिला काय होत नाय." मला भारी वाटायचं. तिथून मला कडावच्या पुढच्या एका गावातल्या पंचायतीचा शिपाई नागू घेऊन गेला. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. उगाच कोणाच्या नावानं बोटं मोडायला नकोत.

माझं काम घरपट्टीचं. ज्याचं घर जेवढं, तेवढी त्यानं पट्टी भरायची आणि त्यातून गावाचे दिवे, गटारं, पाणी व्हायचं. नागू माझी कडी भिंतीच्या एका टोकाला धरायचा, कारकून डबी घेऊन दुसऱ्या टोकाला जायचा. मधे मी ताठ. पोरं माझ्यावरून उड्या मारायची, कोंबड्या खालून पळायच्या. शिवणकाम करणारी शकिला तर आम्ही गेलो की आधी पाणी द्यायची आणि मग म्हणायची, "मोजा बाबा, एक इंच कमी नको आणि जास्त पण नको." पावसात भिजले की नागू मला पुसून, वाळवून मगच गुंडाळायचा. मी कोणाचं तोंड बघून लांब-आखूड होत नव्हते, याचा मला फार गर्व होता.

मग गावाबाहेर एका कंपनीचा रिसॉर्ट झाला. तो मोजायला आम्ही गेलो. मी तर आदल्या दिवसापासून अधीर झाले होते, एवढं मोठं काही मी कधी मोजलं नव्हतं. नागू कडी धरून गेटच्या आत दोन पावलं गेला. कारकून डबी घेऊन बाहेर होता. तेवढ्यात पहारेकऱ्याच्या केबिनमधला फोन वाजला. पहारेकरी नवनाथ, आमच्या गावालगतच्या वाडीतलाच. फोन ठेवून तो म्हणाला, "नागूमामा, बाहेर या. वरनं आर्डर हाय, मोजमाप नाय करायचं, नकाशा पाठवतील." नागू मागे सरला, कडी त्याच्या हातातून सुटली आणि लोखंडी गेटचं चाक माझ्या अंगावरून गेलं. मी ओरडू शकत नाही, नाहीतर कर्जतपर्यंत ऐकू गेलं असतं. माझं टोक आत राहिलं, मी बाहेर.

नकाशा आला. त्यात रिसॉर्ट नव्हताच. त्यात एक शेतघर होतं, काही गोठे होते आणि एक शेततळं होतं. नवनाथ नंतर वाडीत सांगायचा, "त्या गोठ्यांना एशी हाय आन शेततळ्यात निळ्या फरशा हायत." पण पंचायतीनं कागद घेतला आणि पट्टी कागदाप्रमाणे लावली. कंपनीचं तिनं स्वतः मोजलं ते ती केबिन तेवढी, कारण ती गेटच्या बाहेर होती.

आता माझं काय झालं ते ऐका. माझं तुटलेलं टोक वाकडंतिकडं दिसत होतं. नागू टापटिपीचा माणूस. त्यानं मला बरोबर एक फुटाच्या आकड्यावर सरळ कापलं आणि एका जुन्या दप्तराची कडी ठोकून बसवली. म्हणजे माझ्यात शून्य उरलं नाही, मी एकपासून सुरू व्हायला लागले. नागूला हे माहीत होतं. प्रत्येक घरी तो ओरडायचा, "एक वजा करा हो," आणि कारकून एक वजा करायचा. पण पुढे नागूला पाणी सोडायच्या कामावर टाकलं आणि कारकुनाच्या जागी किरण आला. नागूनं त्याला चहा पिता पिता सांगितलं होतं, किरणनं मान पण डोलावली होती. कामाच्या धबडग्यात ते त्याच्या डोक्यातून गेलं. नव्यानं आकारणी निघाली, किरणनं गाव मोजलं आणि वजा कोणीच केलं नाही.

तुम्ही म्हणाल, एका फुटानं काय होतं? मलाही आधी तसंच वाटलं होतं. शंभर फुटांच्या शेडवर एक फूट वाढला तर ती हत्तीवर बसलेली माशी. पण वाडीतल्या कोंडीचं घर दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद. माझ्यामुळे ते अकरा आणि नऊ झालं. गुणाकार करून बघा. ऐंशीचे नव्व्याण्णव होतात, जवळजवळ पाव घर वाढलं. न बांधलेल्या त्या पाव घराला ना भिंत, ना छप्पर. त्याची पट्टी मात्र खरी. ज्याचं घर जितकं लहान, त्याला माझा मार तितका मोठा. हे मला कळत होतं आणि सांगता येत नव्हतं.

कोंडी बिल घेऊन पंचायतीत आली. "घर हाय तेवढंच हाय," ती म्हणाली, "मंग पट्टी कशी वाढली?" किरण म्हणाला, "मावशी, मोजून घेतलंय. टेप काय खोटं बोलते का?" मी टेबलावरच होते. मला तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कोंडीनं मागच्या वेळेइतकेच पैसे पुढे केले. किरण म्हणाला की अर्धवट भरून चालत नाही, बाकी राहिली तर नळ मिळणार नाही. कोंडीही हट्टाची. तिनं पैसे कनवटीला लावले आणि चालू लागली.

तो नळ तिला किती हवा होता हे तुम्हाला सांगायला हवं. वाडीत पाइप येऊन पोचला होता. पण कोंडी, तिची शेजारीण सोनुबाई आणि आणखी काही घरं बाकीदार, म्हणून त्यांच्या दारात तोटी नव्हती. कोंडीचा एक गुडघा कामातून गेलेला. उतारावरच्या विहिरीवरून हंडा आणताना ती दर थोड्या अंतरावर थांबायची आणि सोनुबाई तिच्यासाठी थांबायची. दोघी एकमेकींचा हंडा उतरवून घ्यायच्या. शकिलानं मात्र वाढलेली पट्टी निमूटपणे भरली. ज्यांनी भरली त्यांच्यावर काय अन्याय झाला, हे त्यांनाही कळलं नाही.

एक दिवस कंपनीच्या हिशेबखात्यातून समिधा नावाच्या बाई आल्या. त्यांची हरकत होती. कशावर? त्या केबिनवर! अख्ख्या रिसॉर्टचा कागद गपगुमान पास झाला होता आणि एवढीशी केबिन किरणच्या मोजणीत मोठी लागली म्हणून मुंबईहून गाडी आली होती. किरण मला घेऊन केबिनपाशी गेला. बाईंकडे लेझरनं मोजणारा एक छोटा डबा होता. भिंतीवर लाल ठिपका पडला आणि डब्यावर आकडा आला. मी एक फूट जास्त दाखवत होते. बाईंनी माझं टोक हातात घेतलं. "ही एकपासून सुरू होते," त्या शांतपणे म्हणाल्या. मग जाता जाता त्यांनी विचारलं, "बाकीची घरंही हिच्यानंच मोजलीत का?" किरण मला भराभर गुंडाळू लागला. बाईंचं काम झालं होतं, त्या गाडीत बसल्या. कंपनीचं बिल त्याच आठवड्यात दुरुस्त झालं.

आणि मला किरणनं मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात फेकलं. मित्रांनो, फेकल्याचं मला वाईट वाटलंच, पण त्याहून राग आला. चूक सापडली ती कोणासाठी, आणि सुधारली ती कोणाची? पण केबिनमध्ये बसून नवनाथनं सगळं ऐकलं होतं. त्यानं वाडीत जाऊन कोंडीला सांगितलं, "मावशे, तुजं घर वाढलं नाय गं, टेपच तुटकी हाय."

कोंडी तशीच लंगडत पंचायतीत आली. किरण वाईट माणूस नव्हता, त्याचा चेहरा पडला. "मावशी, हरकतीची मुदत संपली," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं एकटीचं मी दुरुस्त करून देतो. उद्या तोटी बसेल. फक्त गावभर करू नका. सगळेच आले तर पुन्हा अख्खं गाव मोजावं लागेल." कोंडी तिथल्या बाकावर टेकली. तिचा हात गुडघ्यावर होता. ढिगातून मी बघत होते आणि खरं सांगते, मलाही वाटलं, घे बाई, हो म्हण, तुझे हाल तरी संपतील. ती म्हणाली, "इचार करून सांगते."

त्या दिवशी नागूनं मला ढिगातून उचललं आणि कोंडीच्या घरी आणलं. "माजीच करणी हाय गं ही," तो म्हणाला, "मीच कापली एकावर. तू तुजा नळ घे बघू." कोंडीनं मला खुंटीला टांगलं. पाणी आणून झाल्यावर सोनुबाई दारात टेकली होती, पदरानं मान पुसत होती. कोंडी तिच्याकडे बघून नागूला म्हणाली, "हिच्या देखत त्या नळाचा घोट माज्या गळ्याखाली उतरायचा नाय रं." एवढंच. ती जास्त बोलणारी बाई नव्हेच.

ग्रामसभेला ती मला पदराखाली घेऊन गेली. सभेत तिनं मला उलगडलं, डबी सोनुबाईच्या हातात दिली आणि कडीचं टोक शकिलासमोर धरलं. "मला वाचता येत नाय. तू वाच गं, पयला आकडा काय हाय?"

"एक," शकिला म्हणाली.

"त्याच्या आदी?"

"त्याच्या आधी कडीच आहे." आधी लोक हसले. मग शकिलाच्या लक्षात आलं. ती सावकाश म्हणाली, "म्हणजे मी भरलेली पट्टी जास्तीची होती?" आणि हसू थांबलं. एकामागून एक माणसं पुढे आली, माझं टोक हातात घेऊन बघू लागली. इतक्या हातांनी मला कधी धरलं नव्हतं.

सरपंचांनी नवी टेप आणायचं आणि सगळं गाव पुन्हा मोजायचं कबूल केलं. कोंडीनं गप्प बसावं म्हणून म्हणाले, "वाडीपासूनच सुरुवात करू." कोंडी उभीच होती. "आमची घरं कुटं पळून चालली नायत," ती म्हणाली. "आदी गेटातनं आत जावा."

सभा एकदम थंड पडली. त्याला कारण होतं. गावातली कितीतरी माणसं रिसॉर्टमध्ये कामाला. सोनुबाई तिथल्या चादरी धुवायची. तिनं माझी डबी इतकी घट्ट धरली होती की तो ताण माझ्या अंगातून कोंडीपर्यंत जात होता. आधी रिसॉर्ट मोजायचा का, यावर पहिला हात शकिलानं वर केला. दुसरा सोनुबाईनं केला, डबी हातात तशीच धरून.

मुनाफभाईंच्या दुकानातून नवी टेप आली, अगदी माझ्यासारखी. ठराव पास झाला होता, ठरल्या दिवशी सगळे गेटपाशी गेले. कोंडीच्या खांद्यावर मी होते. केबिनमधला फोन वाजला. नवनाथ नुसता "हो साहेब, हो साहेब" करत होता. फोन ठेवून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक पिवळा तुकडा होता, मळलेला, चाकानं चेपलेला. मी ओळखला. त्यावर माझं शून्य होतं.

"तवा गेट मीच वढलं व्हतं," तो कोंडीला म्हणाला. "टाकून द्यायला मन झालं नाय." तुकडा तिला देऊन तो मागे वळला आणि त्यानं गेट सरकवलं. पूर्ण नाही, एक माणूस जाईल इतकंच. कोंडी दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसली, नव्या टेपची कडी तिनं आतल्या भिंतीच्या कोपऱ्याला लावली आणि किरणला म्हणाली, "धरलंय मी. तू जा म्होरं." टेप सुटत गेली. पार संपली, तरी ती भिंत संपली नव्हती.

अजून काही निकाल लागलेला नाही. निळ्या फरशांच्या तळ्याला शेततळं म्हणायचं की नाही, यावर कागद इकडून तिकडे फिरतायत. नवनाथला दुसऱ्या दिवशी कामावर येऊ नको म्हणून सांगितलं, तो आता चौक गावात टेंपोवर कामाला जातो. वाडीतली घरं पुन्हा मोजली, पण नवी बिलं यायची आहेत. कोंडी आणि सोनुबाई आजही हंडा उतरवायला एकमेकींसाठी थांबतात. माझा पहिला फूट कोंडीनं दोऱ्यानं मला बांधून ठेवला आहे. त्याचा उपयोग काही नाही, पण मला तो हवा होता.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, पुसा, वाळवा, हे तुम्हाला सगळ्याच सांगतात. मी दुसरं मागते. कोणी तुमचं घर मोजायला आलं, तर टेपचं टोक हातात घ्या आणि पहिला आकडा वाचा. तो बरोबर असला तरी लगेच सोडू नका. आधी विचारा, ही त्या मोठ्या गेटच्या आत जाऊन आली का?