माझ्याखालची चादर

मित्रांनो, इस्पितळाच्या तळघरात, पाण्याच्या पंपाशेजारी जी हिरवट लोखंडी पेटी दिसते, तो मी. मी एक जुना भूकंपमापक आहे. भूकंप कधी येणार, हे मला कळत नाही. ते कुणालाच कळत नाही. पण मोठा आला तर इथली जमीन किती हादरेल, याचा अंदाज माझ्या नोंदींवरून बांधता येतो.

माझ्या जुळ्या भावाला टेकडीवरच्या कातळावर बसवले आणि मला इथे, बुजवलेल्या तळ्याच्या मातीवर. बोल्ट आवळून मला जमिनीशी घट्ट जखडले. बारीकसा धक्का आला की भाऊ जेमतेम शहारायचा, मी मात्र गदागदा हलायचो. इंजिनिअर बाई आमच्या दोघांच्या रेघा शेजारी ठेवून सांगायच्या, "मोठ्या धक्क्यात जुन्या विंगचे खांब टिकायचे नाहीत. ते आधी बळकट करा."

इस्पितळाचे साहेब म्हणायचे, "अजून एखाद्या धक्क्याची नोंद येऊ द्या, मग बघू."

तळघर झाडणाऱ्या मावशींचा माझ्यावर भारी जीव. त्यांची लेक जुन्या विंगमध्ये नर्स होती. डबा खायला ती खाली यायची, तेव्हा मावशी मला पुसत असायच्या.

"आई, माझ्यापेक्षा त्या पेटीचेच लाड जास्त."

"तो उलटून बोलत नाही," मावशी म्हणायच्या.

पुढे तळघराची फरशी बदलली. गवंड्यांनी माझे बोल्ट काढले, ते पुन्हा बसवायचे राहून गेले. ओलसर फरशीवर मला पाहून मावशींना राहवले नाही. एका जाड लोकरी चादरीची घडी करून त्यांनी माझ्याखाली सारली. "गारठून जाशील रे."

त्यानंतर धक्का आला. जमीन नेहमीसारखीच हलली, पण माझ्यापर्यंत पोचता पोचता ते हलणे निम्मे उरले. साहेब खूश झाले. "बघा बाई, तुमचीच पेटी सांगतेय, जमीन चांगली आहे." बाई विचारात पडल्या. पण त्यांनीही माझ्यावर विश्वास ठेवला. मी कधी खोटे बोललो नव्हतो ना. खांबांचे काम मागे पडले.

आणि एका सकाळी मोठा भूकंप आला. तळघर वाचले. जुनी विंग कोसळली. मावशींची लेक तेव्हा पेशंटना औषधे देत होती.

काही दिवसांनी बाई खाली आल्या. घरी बसवत नाही म्हणून मावशीही आल्या होत्या. माझ्याशेजारी नुसत्याच बसल्या होत्या.

"ही चादर कुणी घातली?"

"मीच. गार लागत होतं त्याला. का हो, चुकलं का माझं?"

बाईंचा हात चादरीवर तसाच थांबला. 

"नाही मावशी. चुकलं माझं. मी खाली येऊन बघायला हवं होतं."

त्यांनी ती चादर काढली, झटकली आणि मावशींच्या खांद्यांवर पांघरली. मग गुडघ्यांवर बसून स्वतःच्या हाताने माझे बोल्ट आवळले.

मावशी आता थकल्या आहेत. तरी मला पुसताना विचारतात, "गारठत नाहीस ना रे?"

मित्रांनो, तुम्हीही कुणावर तरी अशीच माया कराल. जरूर करा. फक्त त्याचे काम काय आहे, ते आधी समजून घ्या. मला ऊब नको होती. जमिनीबरोबर हलायचे होते. कधी इथे आलात, तर माझे बोल्ट घट्ट आहेत ना, तेवढे हात लावून बघा. शेजारी मावशी बसलेल्या असतील. त्यांना यातले काही सांगू नका.