बर्फबाबांचा दीड हात

नदीकाठच्या तंबूंसमोर पाऊल ठेवायला जागा नव्हती. बर्फबाबांनी डोळे मिटून श्वास ओढला, छाती फुगवली आणि माइकवर गरजले, "आला! डोंगरावरचा बर्फ दीड हात वर आला! माझ्या श्वासासरशी चढतो, माझ्या श्वासासरशी उतरतो. आठवडाभर इथेच काठावर बसा, जुनी दुखणी वितळून जातील!"

गर्दीने हात जोडले. याआधी तीन वेळा बाबांचं माप तंतोतंत खरं ठरलं होतं. गर्दीमागे धापा टाकत पोचलेल्या संशोधक बाई मात्र वाट काढत पुढे घुसल्या. पहिल्याच रांगेत, गुडघे धरून, त्यांची आई बसली होती.

दीड हात! हा आकडा त्यांचाच होता. त्यांच्या कार्यालयाचा उपग्रह दर दहा दिवसांनी वरून जाताना बर्फाची उंची मोजतो. बर्फाखाली पाणी साठलं की बर्फ उचलला जातो, पाणी निसटलं की खचतो. काल बाईंनी ताजा आकडा सगळ्यांसाठी संकेतस्थळावर टाकला आणि आज सकाळी पुन्हा तपासताना चूक दिसली. मागच्या आणि आताच्या उंचीची वजाबाकी उलटी झाली होती. बर्फ चढला नव्हता, खचला होता. खालचं पाणी निघालं होतं, याच नदीकडे.

दुरुस्ती टाकून, पोलिसांना कळवून त्या धावत आल्या होत्या.

"आई, ऊठ. पूर येतोय."

"आधी बाबांना विचार."

"विचारायचं कशाला? तूच बघ." बाईंनी दुर्बीण आईच्या हातात दिली. "बर्फाशेजारच्या कड्यावर मापाचा खांब आहे ना? मागच्या वेळी बर्फ लाल पट्ट्याच्या वर होता. आता कुठवर आहे?"

आईने बराच वेळ पाहिलं. "अगं, लाल पट्टा उघडा पडलाय! हा तर खाली गेलाय!"

"देव परीक्षा बघतोय," बाबा घाईने म्हणाले.

"देवाला कशाला मध्ये घेता?" बाईंनी माइक ओढला. त्यांचे कान लाल झाले होते. "चूक माझी आहे. काल मी उलटा आकडा टाकला. बाबांनी तोच उचलला, चुकीसकट!"

कोणीतरी फिसकन हसलं. "बाबा, नक्कल तरी तपासून करायची!"

"मी चुकले, ते खांबाने दाखवलं. ज्याची चूक पकडायची सोयच नाही, त्याच्या शब्दावर जीव धोक्यात घालू नका. चला, वर चला!"

संध्याकाळी तंबूंच्या जागी गढूळ पाणी घोंघावत होतं. टेकडीवरच्या शाळेच्या व्हरांड्यातून आई ते पाहत राहिली. मग म्हणाली, "तो उपग्रह पुन्हा कधी येतो?"

"नऊ दिवसांनी."

"त्या दिवशी मला ऑफिसात घेऊन चल. तुझी वजाबाकी मी तपासणार."