पान एकतीस

संपादकबाईंनी पाठवलेली पुस्तिका चौसष्ट पानांची, खिशात मावेल एवढी. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून संगणकाला कामाला लावायचं, त्या शेलची हाताशी ठेवायची मार्गदर्शिका. लेखकाचं नाव झाकलेलं होतं. तपासणारीला लेखक कळू नये आणि लेखकाला तपासणारी, असा त्या प्रकाशनाचा नियमच होता. तपासणारी म्हणजे आपली मास्तरीण. शाळेत कधी शिकवलं नाही तिनं, पण जुन्या ऑफिसात हे नाव पडलं ते पडलंच. चूक दिसली की कपाळाला आठी पडायची आणि समोरचा गप्प बसायचा.

बाकीचे परीक्षक पानं चाळतात, दोन गोड वाक्यं लिहितात आणि मोकळे होतात. हिचं तसं नाही. छापलेली प्रत्येक आज्ञा ती जशीच्या तशी टाइप करून बघणार. लेखकाच्या शब्दावर विश्वास? छे!

सकाळी चहा घेऊन बसली. अकरा पानं बिनबोभाट गेली. बाराव्या पानावर लेखक सांगत होता, सरावासाठी एक फोल्डर करा, त्याला नाव द्या ‘भांडण’.

तिचा हात कीबोर्डवरच थांबला.

अहो, सरावाच्या फोल्डरला असलं नाव जगात कोण देतं? एकच माणूस. कासव. एका बोटानं टाइप करायचा म्हणून कासव. बारा वर्षांपूर्वी दोघांची टेबलं शेजारी शेजारी, खिडकीपाशी. फोल्डरला नाव काय द्यायचं यावरून एकदा अशी जुंपली की तास गेला, शेवटी वैतागून त्यानं तेच नाव देऊन टाकलं.

पुढे ऑफिस बंद पडलं. त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. निघायच्या दिवशी तो दारात चांगली पाच मिनिटं घुटमळला. तिला म्हणायचं होतं, नको जाऊस. तोंडातून निघालं काय, तर “चार्जर घेतलास ना?” तो म्हणाला, “घेतला.” आणि गेला. त्या चार्जरपायी बाईनं स्वतःला किती शिव्या घातल्या, ते तिचं तिलाच ठाऊक. अजूनही भांडी घासताना मध्येच आठवायचं आणि जीव कळवळायचा.

मधली पानं सोडून तिनं अनुक्रमणिकेवरून थेट पान एकतीस काढलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पानं सोडली. तिथे फाइली पुसायची आज्ञा होती, आणि तिला एकच बघायचं होतं. झालं होतं असं, की त्या काळी कासवानं आज्ञा देताना तारांकनानंतर, म्हणजे ‘सगळं’ सांगणाऱ्या चिन्हानंतर, चुकून एक जागा रिकामी सोडली आणि चार फालतू फाइलींबरोबर तिचं आठवडाभराचं सगळं काम साफ झालं. ती कडाडली, “आधी बघ, मग पूस!” म्हणजे पुसण्याआधी नुसती यादी मागव, काय काय जाणार ते डोळ्यांनी बघ. मग काय, कासवाला चाळाच लागला. टेबलावर फडकं मारतानाही म्हणायचा, “आधी बघ, मग पूस, हो ना मास्तरीणबाई?”

पान एकतीसवर ते वाक्य नव्हतं. ‘ही आज्ञा जपून वापरा’, एवढंच, कोणीही लिहील असं कोरडं. तिनं पुढची-मागची पानं बघितली, सूचीही बघितली.

“विसरला,” ती मोठ्यानं म्हणाली.

“कोण गं?” आतून बाबा.

“लेखक, बाबा.”

“मग कळव की! त्यासाठीच तर बसवलंय तुला.”

तिनं उरलेली पानं इमानेइतबारे तपासली आणि अहवाल लिहिला. मार्गदर्शिका चांगली आहे, नेमकी आहे. तेविसाव्या पानावरची एक आज्ञा चालत नाही. पान एकतीस अपुरं आहे, तिथे एक ओळ हवी: आधी बघ, मग पूस. ही ओळ खोडावी का, असं दोनदा मनात आलं. खोडली नाही.

आठ दिवसांनी संपादकबाईंचा फोन आला. “ताई, तुमचा लेखक जरा विचित्रच दिसतोय हो. बाकी सगळं मुकाट्यानं दुरुस्त केलं, पण पान एकतीसवर अडून बसलाय. वाचून दाखवते, ऐका. ‘ती ओळ मी लिहिली होती. मीच काढली. ती माझी नाही. जिची आहे तिला विचारल्याशिवाय छापणं बरं दिसेना, आणि बारा वर्षं झाली, विचारायचा धीर होत नाही. परीक्षकांना ती कुठून कळली, तेवढं कृपया सांगावं.’ आता काय कळवू त्याला? नियमानं तुमचं नाव सांगता येत नाही.”

मास्तरणीनं डोळे पदरानं पुसले, तरी पुन्हा भरले.

“ताई? आहात ना?”

“नियम गेला खड्ड्यात,” ती म्हणाली. “लिहून घ्या. परवानगी आहे. खाली माझं नाव आणि पत्ता घाला.”

“बरं. अजून काही?”

“हो. त्याला म्हणावं, या वेळी चार्जर विसरलास तरी चालेल.”