रुमालाखालचा तिसरा हात

भाची गुणमाला हिचं पत्र संक्रांतीला आलं, आणि शिमगा आला तरी मी उत्तर दिलं नव्हतं. ‘मामा, आमचा पोरगा सम्मेद सगळी हळद एकाच परदेशी कंपनीला द्यायचा करार करतोय. आगाऊ उचल लय मोठी हाय. मार्चअखेर सही हाय. पोराच्या पणज्याच्या वेळचं तुमी वाचलंय. करू दे का नको, तेवढं कळवा.’

वाचलं होतं खरं. इंग्रजी अमलात विलायती कंपनीची उचल घेऊन सांगलीकडच्या लोकांनी शाळू ज्वारी मोडून हळद लावली. पेठ श्रीमंत झाली, पणज्याच्या घरावर कौलं चढली. भाव मात्र विलायतेहून तारेनं यायचा. लढाईत बोटी थांबल्या तेव्हा वखारी हळदीनं भरलेल्या आणि घरात दाणा नाही. गाऱ्हाणं नेलं तर गोरा साहेब म्हणे, करार पाळा.

पण धंद्यातलं पुस्तकी माणसानं बोलावं का? फोनवर माझा आवाज अडकतो. शेवटी कोरेगावहून सांगलीला गेलो.

सम्मेदच्या अडतीत घरच्या हळदीच्या पहिल्या ढिगाचा सौदा अजून रुमालाखाली होतो. नुसता मान म्हणून. खरा लिलाव नंतर, उघड्यावर. रुमालाखाली घेणारा विकणाऱ्याची बोटं दाबून भाव सांगतो.

“आवं आजोबा, आज तुमी व्यापारी. दाबा बोटं,” सम्मेद म्हणाला. हमाल हसले.

मी त्याची बोटं धरली. ऊबदार, घामट. मग माझ्या हातावर आणखी एक हात आला. कोरडा, गार. त्यानं माझी बोटं एकेक करून सम्मेदच्या बोटांवर दाबली. रुमालाशी आम्ही दोघंच होतो.

“एवढाच?” सम्मेद हसला. “पुस्तकं फुकट वाचता, हळदबी फुकटच पायजे व्हय?”

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. कंपनीचा आजचा भाव. तो बघतच राहिला.

“ह्योच हाय की,” तो हळू म्हणाला. मग खांदे उडवले. “लागला अंदाज.”

अडतीच्या दारातून गुणमाला माझ्याकडं बघत होती. चारचौघांत नको म्हणून मी संध्याकाळच्या गाडीनं कोरेगावला परतलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरी बसून लिहिलं : ‘गुणमाला, सही करू देऊ नकोस. भाव ठरवणारा हात पणज्यानं कधी पाहिला नव्हता. काल तो माझ्या हातावर होता. त्यानं माझ्याच बोटांनी तुझ्या पोराची बोटं दाबली.’

म्हणतील, म्हातारा चळला. म्हणोत. पोस्ट उघडल्या उघडल्या मी पाकीट स्पीड पोस्टाच्या खिडकीतून आत दिलं.