तारीख विचारणारा कॅमेरा

ड्रॉवरमध्ये बँडेजच्या गुंडाळ्यांवर कॅमेऱ्याची बॅटरी. मावशींच्या चपलेला लावलेली पिन. केसपेपरवर माझ्या अक्षरात दोन शब्द: फोटो पाहा. एक जानेवारी दोन हजार बारा.

हे एकाच वॉर्डातलं आहे. जोडते.

नवा पेशंट आला की अंगावरच्या जखमांचा फोटो काढायचा, म्हणजे जखम घरून आली की आमच्याकडे झाली ते कळतं. हे काम माझं, सिस्टरचं. कॅमेरा जुना. नुसता ठेवला तरी बॅटरी उतरायची, म्हणून काम झालं की मी ती काढून ठेवायचे. या शिस्तीचा मला अभिमान होता. मावशी, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या आयाबाई, हसायच्या. मेल्याला उपाशी ठेवता नि वर कामाला जुंपता, म्हणायच्या.

एक आजोबा आले तेव्हाच त्यांच्या माकडहाडावर जखम होती. मी फोटो काढला आणि केसपेपरवर जखमेचं वर्णन न करता ‘फोटो पाहा’ एवढंच लिहिलं. आठवड्याने मुलीने ती पाहिली. वडिलांना मावशी कुशीवर वळवतच नाहीत, अशी तक्रार केली. मेट्रननी फोटो मागवला. कोपऱ्यात कित्येक वर्षांपूर्वीची तारीख: एक जानेवारी दोन हजार बारा. मुलगी म्हणाली, हा कुणाचाही असेल.

मावशी माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, आले त्या दिवशी तुम्हीच काढलात ना? सांगा की."

कॅमेरा चालू केला की तारीख विचारायचा. मी न वाचता ओके दाबायचे. इतकंच सांगायचं होतं. मेट्रन पेन उघडून बसल्या होत्या.

"नक्की आठवत नाही," मी म्हणाले.

मावशींनी मान खाली घातली, तुटक्या चपलेला लावलेल्या पिनेकडे पाहत. लाज जणू त्यांना वाटली, माझ्या वाट्याची. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. येऊ नका, असं मेट्रननी सांगितलं होतं.

मग कॅमेरा दुरुस्तीला मीच नेला. दुकानदाराने सांगितलं, आत घड्याळासाठी बारीक सेल असतो, तो मोठ्या बॅटरीवरच जगतो. ती काढून ठेवली की दोन दिवसांत तोही संपतो, तारीख जाते. कोण काढून ठेवतं हो, त्याने सहज विचारलं.

"आमच्या मावशी," मी म्हणाले. तिथे मला ओळखणारं कुणीही नव्हतं.

फोटो काढताना आजोबांना कुशीवर धरून मावशीच उभ्या होत्या.